हिरामावशीची जागा

हिरामावशी माणसाशी बोलण्याआधी त्याचे डोळे बघायची. मासळी घेताना बाई बघते तसे, मान जरा वाकडी करून, उजेडाच्या बाजूने. बोलायचं की नाही ते मग ठरवायची. पहिल्या भेटीत तिने माझेही डोळे बघितले. पालघरच्या दवाखान्यात तिच्या पोटात नळी बसवून झाली होती आणि घरच्या घरी करायचं डायलिसिस शिकवायला मी तिच्या खाटेशी उभी होते. मी नाव सांगितलं, काम सांगितलं, पाण्याची पिशवी बाहेर काढली. तिचं पिशवीकडे लक्षच नव्हतं.

"शिस्टर, तुमी झोपल्या नाय."

"झोपले की."

"नाय झोपल्या. डोला सांगतो."

घरी सासूबाई आजारी होत्या आणि मी खरंच झोपले नव्हते. पण पेशंटने आपली तपासणी करावी हे मला पसंत नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, आपण हात धुण्यापासून सुरुवात करू." ती म्हणाली, "करा. हात धुवायचं मना नका शिकवू, मासं विकून घरी आल्यावर आमी हातच धुतो." आणि हात धुतले ते पाण्यात बुचकळून, साडीला पुसून. तिथून आमची सुरुवात झाली.

माझं माहेर कराडकडचं. नवऱ्याची नोकरी तारापूरच्या कारखान्यात, म्हणून मी बोईसरला आले आणि इथलीच झाले. किडन्या निकामी झालेल्या माणसांना दोन वाटा असतात. एक, आठवड्यातून दोन-तीनदा दवाखान्यात जाऊन यंत्रातून रक्त साफ करून घ्यायचं. दुसरी, पोटात करंगळीहून बारीक अशी मऊ नळी कायमची बसवायची, तिच्यातून औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तास राहू द्यायचं, रक्तातली घाण त्यात उतरली की काढून टाकायचं आणि नवं भरायचं. हे घरी, स्वतःच्या हाताने, दिवसातून तीन-चार वेळा, रोज. दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यांना शिकवणं हे माझं काम. या कामात पहिले काही महिने नाजूक असतात. नळी डॉक्टर बसवतात, पण ती टिकते की नाही हे पेशंटच्या दहा बोटांवर ठरतं. बोटांवरचे जंतू नळीतून पोटात गेले की पाणी गढूळ होतं, ताप येतो, पोट दुखतं, आणि वेळेवर आवरलं नाही तर नळी काढावी लागते. ज्यांची नळी जाते, त्यांची बहुतेक याच महिन्यांत जाते, असा माझा अनुभव.

हिरामावशीने ही वाट निवडली ती एका प्रश्नावर. डॉक्टरांनी तिला दोन्ही नीट समजावून सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "यातला कुठला केला तर मना बाजारात बसता येल?"

बोईसरच्या मासळी बाजारात तिची जागा होती. पाण्याच्या टाकीला पाठ लावून, शिरताना डाव्या हाताला. तिच्या सासूची होती, त्याआधी सासूच्या सासूची. या जागांचे कागद नसतात. जी रोज बसते तिची जागा. एखादी आजारी पडली तर शेजारीण तिथे तिची पाटी उपडी घालून ठेवते आणि त्या पाटीवर कोणी पाय ठेवत नाही. मात्र ही मुभा नारळी पौर्णिमेपर्यंतच. पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात जातात, ताजी मासळी यायला लागते आणि बाजार नव्याने भरतो. त्या पहिल्या बाजाराला जी आपल्या जागेवर नसेल, तिची पाटी मुकाट्याने घरी पोचवली जाते. भांडण नाही, बोलणं नाही. हिरामावशीने स्वतः दोघींच्या पाट्या अशा पोचवल्या होत्या.

"मंजुलानं माझी पाटी उपडी घातली हाय," तिने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मंजुळा ही तिची बाजारातली शेजारीण. "ती चांगली हाय. पन पाटी उपडी घालताना बाय जरा माझ्या अंगाला सरकली असंल. मी पन सरकली असती."

यंत्रावर जायचं तर तिच्या नवापूर गावाहून पालघर, तिथे चार तास, परत यायचं आणि दुसरा दिवस अंथरुणात काढायचा. रोज बसणं जमणारच नव्हतं. घरचं पाणी पहाटे बदललं की दुपारपर्यंत ती मोकळी. हिशेब सरळ होता. पौर्णिमेपर्यंत नळी टिकली पाहिजे.

नवापूरला तिचं घर समुद्राकडे तोंड करून होतं. घरात ती आणि सून सुगंधा. मुलगा होडीवर, महिन्यातले बरेच दिवस बाहेरच. सुगंधा कारखान्यात पॅकिंगला जायची. शिकलेली, कमी बोलणारी मुलगी. पाण्याच्या पिशव्यांची खोकी आली तेव्हा मी तिथेच होते. टेम्पोवाल्याने खोकी उतरवता उतरवता विचारलं, "माताजी, पानी का धंधा चालू किया क्या?" मावशी म्हणाली, "हां. तेरे को देऊ काय एक, पोट में?" तो बिचारा हसत हसत निघून गेला. त्या अख्ख्या संध्याकाळी वाडीतल्या बाया खोकी मोजायला येत होत्या.

पाणी बदलताना दार-खिडकी बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क. हा साधा नियम नवापूरला चालेना. तिथे दिवसाढवळ्या दार लागलं म्हणजे घरात कोणी गेलं. पहिल्याच दिवशी मी दार लावलं, मावशी मास्क लावून बसली, नळीचं टोपण उघडणार तेवढ्यात बाहेर गलका झाला. "हिराबाय गेली, हिराबाय गेली" करत चार बाया दार ढकलून आत. एकीने तर रडायला सुरुवातही केली होती. मावशीने मास्कमधूनच तिला विचारलं, "रडतेस ती माझ्यासाठी का मी घेतलेल्या तुझ्या पातेल्यासाठी?"

मी सगळ्यांना बाहेर काढलं आणि म्हटलं, दाराला कडी घालत जा. ती म्हणाली, "कडी घातली तं दार तोडतील." तिने थोडा वेळ विचार केला, सुगंधाला माळ्यावरून जुन्या जाळ्याचा तुकडा काढायला लावला आणि दारावर बाहेरून आडवा टांगला. शिवायला पसरलेलं जाळं तिकडे कोणी ओलांडत नाही. टाका सुटतो म्हणून पोरंसुद्धा वळसा घालतात. त्या दिवसापासून जाळं टांगलेलं दिसलं की वाडी समजायची, हिराबाय पाणी बदलते. बाया बाहेर उभ्या राहून बोलायच्या, आतून मावशी उत्तरं द्यायची. पाणी पोटातून निघून गेलं, नवं भरलं, टोपण लागलं की ती मास्क उतरवून मोठ्याने म्हणायची, "उठला बाजार." मग जाळं निघायचं.

शिकायला ती चांगली होती. लिहिता-वाचता येत नव्हतं, त्याची गरजही पडली नाही. बाकीच्यांना मी सांगते, काढलेल्या पाण्याच्या पिशवीमागे वर्तमानपत्र धरा, अक्षरं दिसली तर पाणी स्वच्छ. तिला म्हटलं, "ताज्या माशाचा डोळा कसा असतो?" ती म्हणाली, "काचेवानी." "आणि शिळ्याचा?" "दुधावानी." "तसंच हे." तिने मान हलवली. नंतर मला या विषयावर तोंड उघडावं लागलं नाही.

पण बंधनं तिला जड गेली. त्यातलं सगळ्यात जड म्हणजे सुके बोंबील. दारासमोर तिची वलांडी होती, म्हणजे बांबूंची उंच मांडव केल्यासारखी रचना; तिच्यावर बोंबील जोडीजोडीने अडकवून उन्हात सुकवतात. आयुष्यभर तिने बोंबील सुकवले आणि खाल्ले, आणि आता मिठामुळे ते बंद.

"ताजी मासळी खा, हवी तेवढी," मी म्हणायची. "अंगात ताकद यायला तीच लागते. सुकं नाही."

"सुकं नाय खायचं."

"नाही."

"वास घेतला तं चालल?"

"वास घ्या."

"मंग ठीक हाय." आणि खरोखर ती दुपारी वलांडीखाली पाट टाकून बसायची. मी जायची तेव्हा ती तिथेच असायची, तोंड समुद्राकडे, पण बोलणं सगळं बाजाराचं. आता या वेळेला टाकीवर ऊन आलं असेल. आता ती दांड्याची मास्तरीण येईल, घेणार अर्धा किलो आणि निवडणार सगळी पाटी. आता सालवडचे कारखानेवाले येतील, "बडा वाला देना" म्हणतील. ती बाजारात नव्हती आणि बाजार तिच्याशिवाय भरत होता, हे तिला दिवसातून किती वेळा टोचत असेल कुणास ठाऊक. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. फक्त कोणी बोईसरहून आलं की विचारायची, "माझी पाटी बघितली? उपडीच हाय ना?"

वैशाखात एका दुपारी सुगंधाचा फोन आला. "शिस्टर, आई काय बोलत नाय. काल पिशवी काढली ती लगेच मोरीत ओतली, मला बघू नाय दिली. आजपण तसंच."

मी तशीच निघाले. मावशी आत खाटेवर बसली होती, वलांडीखाली नव्हती. मी समोर बसले. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. इतक्या महिन्यांत असं कधी झालं नव्हतं. आधी डोळे, मग बोलणं, हा तिचा रिवाज होता. आता ती स्वतःच्या हातांकडे बघत होती.

"मावशी, इकडे बघा."

"काय बघू."

"माझा डोळा बघा. झोपले का मी?"

"झोपल्या असाल."

"न बघताच?"

मी तिच्या कपाळाला हात लावला. ताप होता. पोटाला हात लावला तर तिने दात आवळले. मग हळूच म्हणाली, "शिस्टर, तुमी बघितलं तं तुमी डॉक्टरला सांगनार. डॉक्टर नली काढनार. नली काढली का मंजुला पाटी घेऊन दारात उभी."

"आणि मी नाही सांगितलं तर?"

"मना वाटलं, एक-दोन दिसांत नितलंल."

"शिळा मासा दोन दिवस ठेवला तर ताजा होतो का?"

ती यावर थोडी हसली. रडण्याच्या जवळचं हसणं होतं ते. मी जाळं टांगलं, मास्क लावला आणि तिच्या पोटातलं पाणी काढलं. पिशवीत आलं ते भाताच्या पेजेसारखं. तिने ते बघितलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

संध्याकाळी आम्ही पालघरला होतो. पाणी तपासायला गेलं, औषधं पिशवीतून पोटात सुरू झाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, थोड्या दिवसांत पाणी नितळलं नाही तर नळी काढू, जीव आधी. मावशीने त्यांचे डोळे बघितले आणि मान डोलावली. त्यांच्याशी वाद घातला नाही. मला मात्र त्या दिवसांत रोज एकच विचारलं, "आज कशी हाय?" म्हणजे पिशवी. तिचा स्वतःचा ताप किती, पोट किती दुखतं, हे तिने विचारलं नाही. सकाळी ती डोळे मिटून पडायची आणि मी पिशवी उजेडाला धरायची. मी म्हणायची, "दूध." दुसऱ्या दिवशी, "अजून दूधच, पण पातळ." मग एका सकाळी मी पिशवीच तिच्या तोंडासमोर धरली. तिने एक डोळा उघडला, पिशवीतून पलीकडची खिडकी बघितली, आणि म्हणाली, "हा विकला जाल."

घरी सोडलं तरी माझ्या डोक्यातलं गेलं नव्हतं. संसर्ग आला कुठून? तिचा हात मी घडवला होता. पुढच्या आठवड्यात नवापूरला जाऊन मी कोपऱ्यात स्टुलावर बसले आणि म्हटलं, "मी इथे नाही असं समजा. रोज करता तसं करा."

तिने सगळं केलं. जाळं टांगलं. पंखा बंद. बांगड्या काढल्या. मास्क. साबणाने हात धुतले, बोटांच्या बेचक्या, नखं, कोपरापर्यंत. मी शिकवलं त्याहून जास्त वेळ. मग खुंटीवरचा पांढराशुभ्र नॅपकिन घेतला आणि हात पुसले. तेवढ्यात मला तो वास आला. नवापूरला राहणाऱ्याला तो येत नाही. कराडकडच्या बाईला येतो.

मी उठून तिच्या हातातून नॅपकिन घेतला. "मावशी, हा कुठे वाळवता?"

"उनात. तुमीच सांगितलं, उनात वालवा."

"कुठल्या उन्हात?"

तिने दार उघडून बाहेर हात केला. वलांडीवर, बोंबलांच्या दोन ओळींच्या मध्ये, उरलेले तीन नॅपकिन फडफडत होते. स्वच्छ धुतलेले. चारी बाजूंनी वारा, दिवसभर ऊन, आणि माशा.

"त्याच्याहून चांगलं ऊन अख्ख्या गावात नाय," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, नॅपकिनकडे बघितलं, आणि खाटेवर बसली. म्हणाली, "म्हनजे माझ्या बोंबलानं मना चावलं."

त्याच दिवशी घरात खिडकीशी नवी दोरी बांधली. तिच्यावर फक्त नॅपकिन, तेही इस्त्री करून डब्यात. इस्त्री सुगंधा करायची, कामावरून आल्यावर. दोरीला दुसऱ्या कोणाचा कपडा लागला की मावशी घर डोक्यावर घ्यायची. मुलगा होडीवरून आला आणि त्याने सवयीने तिथे बनियन टाकलं, तर तिने काठीने उचलून अंगणात फेकलं. "तुझ्या बनियनपायी माझी जागा जाल," म्हणाली.

पावसाळा लागला. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, वलांडी रिकामी, मावशी घरात. पाणी काचेसारखं राहिलं. पौर्णिमेनंतरच्या पहिल्या बाजाराला मी मुद्दाम लवकर उठून गेले. टाकीपाशी ती होती. हिरवं नऊवारी लुगडं, केसांत अबोली, पुढे पापलेट आणि बोंबील. शेजारी मंजुळा होती आणि जरा पलीकडे सरकून बसली होती. "माझी पाटी कोणी हलवली नाय" असं काही मावशीने मला सांगितलं नाही. मला बघून फक्त म्हणाली, "घ्या शिस्टर, बोनी करा. भाव करायचा नाय."

मी भाव केला. तिने मला मासा कसा घ्यायचा ते त्या दिवशी शिकवलं. आमच्या घरी मासे येत नसत. मला कल्ले कुठे असतात हेही माहीत नव्हतं. तिने कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवला, बोटाने दाबून मांस परत वर येतं का ते दाखवलं. "पन पयला डोला," ती म्हणाली. "बाकीचं फसवतं."

त्यानंतर दोन वर्षं ती तिथे बसली. पहाटे पाणी बदलायचं, टमटमने बोईसर, दुपारी घर, जाळं, पाणी. मला तिच्या घरी फारसं जावं लागत नसे. पण मी दर रविवारी बाजारात जाऊ लागले. मासे हवे असत म्हणून, असं मी घरी सांगत होते. ती आधी माझा डोळा बघायची. "आज बरा हाय." "आज नवऱ्याशी भांडल्या." "आज रडल्या." सासूबाई गेल्या त्या आठवड्यात तिने डोळा बघितला, एक सुरमई कापून पिशवीत घातली आणि माझे पैसे परत हातात कोंबले.

शेवटी तिला नळीने नाही, हृदयाने दगा दिला. पायावर सूज आली, चालताना धाप लागायला लागली. मी घरी गेले तेव्हा ती पुन्हा खाटेवर होती. खोलीत पांढरे नॅपकिन दोरीवर वाळत होते. नुकतंच काढलेलं पाणी पिशवीत होतं. मी ते उजेडाला धरलं. पलीकडचा समुद्र दिसत होता.

"नली चांगली ऱ्हायली ना, शिस्टर?"

"चांगली राहिली."

"तुमी कराडच्या. तुमचं नाक चांगलं." मग तिने मान वाकडी करून माझे डोळे बघितले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. "आज झोपलात."

"झोपले."

"मंग जा घरी. उठला बाजार."

त्या आठवड्यातच ती गेली. मी पोचले तेव्हा दार उघडं होतं आणि जाळं कोणीतरी काढून घडी करून ठेवलं होतं. सुगंधाने विचारलं, "हवं का तुम्हाला?" मी हो म्हटलं. नव्या पेशंटांना दाखवायला लागतं, असं कारण दिलं.

सुगंधाला जागा नको होती. तिला कारखाना बरा वाटतो, आणि तिचं बरोबर आहे. टाकीपाशी काही दिवस एक उपडी पाटी होती. मग पौर्णिमा आली आणि पहिल्या बाजाराला तिथे कोणी बसलं नाही. मंजुळाने पाटी उचलली, स्वतः नवापूरला नेऊन दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून ती टाकीला पाठ लावून बसू लागली. तिचा मासा चांगला असतो. मी तिच्याकडूनच घेते.

मला आता सांगावं लागत नाही. कल्ला बघते, बोटाने दाबते, त्याआधी डोळा बघते. मंजुळा म्हणते, "तुमाला फसवता नाय येत, शिस्टर." ती मासा तोलते, कापते, पिशवी देते, मान खाली घालून सुटे पैसे काढते. मी थोडा वेळ उभीच राहते, टाकीच्या बाजूने उजेड येतो तिकडे तोंड करून. गिऱ्हाईक मागून ढकलतं, "बाई, झालं ना तुमचं?" झालेलं असतं. मी बाजूला होते.